खिसे

पेरूवर दिसलं पहिल्यांदा.
नई सडकेवर गाडीवाल्यानं मीठ भुरभुरून दिलेली फोड,
चावा घेतला, आणि पांढऱ्या गरावर
एक बारीक लाल रेघ,
ऑफिसात बेरजेखाली मारायचो तशी.

मी फोड उलटी करून खाल्ली.

तसं बेसिनलाही दिसत होतं दोन वर्षं.
थुंकी गुलाबी.
ब्रश कडक असेल. थंडी आहे. वय आहे.
चौतीस वर्षं ऑडिटमध्ये
लोकांची असली स्पष्टीकरणं
मी एका ओळीत परत पाठवली:
उत्तर समाधानकारक नाही.

दुखत मात्र कधीच नव्हतं.

दौलतगंजात जिन्यावर मृण्मयी खानवलकरचा दवाखाना.
"काका, आ करा."
मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट सळई
दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत
विहिरीत दोर सोडावा तशी सोडत गेली,
एकेका दाताला सहा ठिकाणी.
ती आकडे बोलते, भदौरिया लिहून घेतो.
"तीन, दो, तीन.
तीन, तीन, चार.
पाँच. छह, खून है.
सात."
"सात?" त्याचं पेन थांबलं.
"सात."

मला कुणी काही विचारलं नाही, तोंड उघडंच होतं.
पण आकड्यांचा सूर मी ओळखतो.
तीनपर्यंत खर्च नियमित.
चारला माणूस चष्मा पुसतो.
सातला फाईल फीत बांधून वर जाते.

"ह्याला आम्ही खिसे म्हणतो, काका.
हिरडी दाताला सोडते, मध्ये खिसा होतो,
त्यात कीटण साठतं, खाली हाड झिजतं.
दुखत नाही, म्हणून कुणी येत नाही."

अफरातफरही दुखत नाही, मृण्मयी.
कुलूप शाबूत, लाखेचा शिक्का शाबूत,
पेटी तेवढी हलकी होत जाते.

एक्स-रेत हाडाची कड:
मुरैन्याच्या पुढे गाडीतून दिसतात
तशी बीहडं, खचत गेलेली.
"भरून येईल?"
"गेलं ते नाही. आहे ते राखू."
मग साखर तपासायला लावली.
दोनशे बारा.
तिचंही काही दुखत नव्हतं.

चार खेपा झाल्या.
दर खेपेला पाव तोंड बधिर, आणि खरवड.
करपलेल्या पातेल्याचा आवाज, फक्त कवटीच्या आतून.
कापसावर तिनं एक कण दाखवला,
काळपट, टणक, ज्वारीच्या कणीएवढा.
किती खात्यांना मी दाताच्या कण्या करून सांगितलं होतं
की वेळीच तपासा.

घरी वासंती चहाच्या बशीत
रोज एक लवंग ठेवायची.
मला वाटे, खोकल्यासाठी.
त्या रात्री विचारलं.
तिनं दूध झाकलं, ओटा पुसला,
पुसलेला ओटा परत पुसला.
"सांगितलं असतं,
तर तुम्ही लांबून बोलायला लागला असतात."

हा आक्षेप माझ्या कुठल्याच रजिस्टरात नव्हता.

आता ब्रश मऊ, हिरडीच्या कडेला तिरका,
घासायचा नाही, नुसता थरथरवायचा.
फटींसाठी वेगळा, बाटलीच्या ब्रशचं पिल्लू जणू.
पहिले काही दिवस रक्त आलंच.
मृण्मयीनं बजावलं होतं, भिऊन थांबू नका.
तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी:
सातचे पाच झाले. एक सहा तसाच आहे.
खालचा एक दात अजून हलतो,
जीभ मधूनमधून जाऊन बघून येते.

काल बशीत लवंग नव्हती.
विसरली असेल.
मी विचारलं नाही.
खुर्ची ओढून जवळ बसलो
आणि दाल बाजारातले तुरीचे भाव
सांगत राहिलो, बराच वेळ.